गुणगौरवाच्या अर्जात एक रकाना वाढवा

गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, ज्ञातिसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, ग्रामपंचायती व माजी विद्यार्थी संघ यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि दहावी-बारावीच्या पालकांना जाहीर आवाहन.

दहावीचा निकाल लागला की गावोगावी, चौकाचौकांत फलक लागतात. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, नव्वद टक्क्यांच्या वर गुण असलेल्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि दोन फोटो कार्यालयात आणून द्यावेत. हा उपक्रम चांगला आहे. पदरचे पैसे घालून, सभागृह मिळवून, पाहुण्यांच्या तारखा जुळवून आपण हे वर्षानुवर्षे करत आला आहात आणि ते बंद करा असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. आमची मागणी लहान आहे. त्या अर्जात नाव, शाळा, टक्केवारी याखाली आणखी एक रकाना छापा: विद्यार्थी कोणता खेळ खेळतो, कोणत्या पातळीपर्यंत खेळला आणि त्याला कोणी शिकवले. आणि एकदा छापलात की यादी करताना तो वाचा.

कारण सध्याच्या पद्धतीत काय होते ते पाहा. एक मुलगी खो-खोत शाळेकडून तालुका जिंकते, मग जिल्हा, मग विभाग, आणि राज्य शालेय स्पर्धेत आपल्या विभागाकडून उतरते. तिला दहावीला ८६ टक्के पडतात. नव्वदची रेघ ओढलेली असल्यामुळे तिचा अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला पडतो. आता जरा हिशेब करा. शालेय राज्य स्पर्धेत आठ क्रीडा विभागांचे आठ संघ असतात आणि खो-खोच्या संघात बारा-पंधरा मुली. म्हणजे सबंध महाराष्ट्रातून त्या वयोगटात तिथवर पोचलेल्या मुली शंभर-सव्वाशे. नव्वदच्या वरची मुले राज्यात हजारोंनी मोजावी लागतात. २०२५ साली दहावीचा निकालच ९४.१० टक्के लागला. दुर्मीळ काय आणि सर्रास काय याचा विचार केला, तर बाजूला पडलेला अर्ज वर ठेवायला हवा होता.

८६ टक्के कशातून आले, हेही विचारात घ्या. शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक आणि दहावीचे वेळापत्रक जणू एकमेकांना आडवे जाण्यासाठीच आखलेले असते. पावसाळ्यात तालुका आणि जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे विभाग आणि राज्य, म्हणजे सहामाही परीक्षा त्यातच. राष्ट्रीय स्पर्धेला निवड झालीच, तर ती बहुधा थंडीत, सराव परीक्षांच्या तोंडावर. फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिके, लगेच लेखी. शिक्षण मंडळाने २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू केली होती, तेव्हा हा काळ आणखी आवळला गेला. बुडालेले तास या मुलांनी प्रवासात, दुसऱ्याच्या वहीवरून, पहाटे उठून भरून काढलेले असतात. परगावी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे, सकाळी सामना, रात्री भूमितीची प्रमेये. कोणत्याही क्लासच्या जाहिरातीत हे दिसणार नाही, कारण क्लासवाल्यांना फोटोला लागतो तो फक्त आकडा.

खेळणारा मुलगा अभ्यासात मागे पडणारच, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की दहावीचे वर्ष आले की घरात आधी केबल बंद होते आणि पाठोपाठ मैदान. पुण्यातल्या लोकांना तरी हे सांगायची गरज पडू नये. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि क्रिकेट खेळत. १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या; पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. अनिल कुंबळे मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि अश्विनने माहिती तंत्रज्ञानात बी. टेक. केले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शाळेच्या वयात तिचे पटावरचे तास कोणी अभ्यासाच्या नावाखाली काढून घेतले असते, तर पुढचे काय झाले असते याची कल्पना करा. अर्थात ही सगळी फार मोठी नावे आहेत आणि आपल्या वस्तीतल्या मुलाने तसेच व्हावे म्हणून त्याचा सत्कार करायचा नाही. तो उद्या बँकेत लागेल, गॅरेज टाकेल, शिक्षक होईल. पंधराव्या वर्षी त्याने दोन्ही बाजू सांभाळल्या, एवढ्यासाठी सत्कार.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आक्षेप येणारच. खेळाडू विद्यार्थ्यांना शिक्षण मंडळाकडून सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, ते टक्केवारीत आलेच की, मग पुन्हा वेगळा गौरव कशाला? गुण मिळतात हे खरे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शिफारशीने प्रस्ताव जातो आणि कामगिरीच्या पातळीप्रमाणे गुण वाढतात. या सवलतीने अनेकांना न्याय मिळाला. पण तिने एक विचित्र सवयही लावली. नववीपर्यंत मैदानाकडे न फिरकलेली मुले दहावीत अचानक एखाद्या अशा खेळात नाव घालतात, ज्यात जिल्ह्यात मोजून तीन स्पर्धक असतात. पालकही विचारतात, 'कोणत्या खेळाला लवकर गुण मिळतात?' बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली ती याच वृत्तीच्या पुढच्या पायरीवर, कारण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. खेळाची किंमत गुणांत मोजायची सवय आपण समाज म्हणून लावली, आणि ती मोडायचीही आपणच. म्हणून रकान्यात नुसते प्रमाणपत्र मागू नका. किती वर्षे खेळतो ते विचारा. शाळेत फोन करून क्रीडाशिक्षकांशी दोन मिनिटे बोला. जो मुलगा पाच वर्षे रोज संध्याकाळी मैदानावर आहे, त्याला अख्खी वस्ती ओळखते. तिथे शिक्क्याची गरज पडत नाही.

निकष काय ठेवावा, असे काही मंडळांनी आम्हाला विचारले. आमचे मत असे: पंच्याहत्तर टक्के आणि किमान जिल्हा पातळी. हे काही दगडावरचे अक्षर नव्हे. आदिवासी पाड्यावरची शाळा असेल, घरात शिकणारी पहिली पिढी असेल, तर साठ टक्केही पुष्कळ आहेत. आणि शहरातल्या अकादमीत महिन्याला हजारो रुपये भरून खेळणाऱ्यासाठी जिल्हा पातळी कदाचित फार सोपी आहे. समितीत जी माणसे बसतात त्यांना आपली मुले माहीत असतात. त्यांनी डोके वापरावे. राष्ट्रीय पातळीवर खेळून ज्याला पन्नास टक्के पडले त्याचाही सत्कार जरूर करा, पण तो वेगळा, खेळाडू म्हणून. दोन्हींची खिचडी केली की दोघांवरही अन्याय होतो.

मुलींविषयी थोडे जास्त लिहितो, कारण गळती तिथे अधिक आहे. सातवीपर्यंत मुलींचे संघ सहज उभे राहतात. आठवी-नववीत निम्म्या मुली दिसेनाशा होतात आणि दहावीत संघाला संख्या पुरवताना शिक्षकांची दमछाक होते. घरचे 'आता मोठी झालीस' म्हणतात, हे एक कारण. त्याशिवाय साध्या गोष्टी असतात, ज्यांवर कोणी भाषण करत नाही. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली नसते. पाळीच्या दिवसांत वापरता येईल असे स्वच्छतागृह नसते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो खरा, पण सराव सुटायच्या आधीच गावाकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग बापाने रोज मोटारसायकल काढायची किंवा मुलीने खेळ सोडायचा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी ती जिंकली, तेव्हा संघाची कर्णधार आपली प्रियांका इंगळे होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी मुंबईत महिला क्रिकेटचा विश्वचषक उचलला गेला. सांगलीची स्मृती मानधना उपकर्णधार होती. पेढे वाटले आपण. आता ज्या संस्थेच्या आवारात मैदान आहे तिने एक खोली सायंकाळी सहानंतर उघडी ठेवावी, आणि ज्या गावातून तीन-चार मुली सरावाला येतात तिथल्या मंडळाने मिळून एका रिक्षाचा महिन्याचा खर्च उचलावा. सत्काराच्या शालींपेक्षा यात पैसे कमी लागतात.

शालींचा विषय निघालाच आहे तर भेटवस्तूंबद्दल. प्लास्टिकच्या सोनेरी करंडकांनी आधीच या मुलांच्या घरातले कपाट भरलेले आहे. त्याऐवजी मापाचे चांगले बूट द्या. कुस्ती किंवा मल्लखांब करणाऱ्याच्या घरी सहा महिने दूध घालायची सोय करा. धनुर्विद्या आणि नेमबाजीत साहित्याचा खर्चच सामान्य घराला झेपत नाही, तिथे एखाद्या पतसंस्थेने बिनव्याजी रक्कम दिली तर एक मुलगा टिकेल. अकरावी शास्त्राला गेलेल्या खेळाडूला पुस्तकांचा संच द्या. त्याला क्लास लावणे जमणार नसते, कारण क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच. याला मोठी तिजोरी लागते असे नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते गोळेश्वरच्या गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर, असे त्या भागात आजही सांगतात. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आले. एका शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने मल्लासाठी घर गहाण टाकावे, या गोष्टीत आमच्या आवाहनाचे निम्मे म्हणणे आले.

समारंभाच्या दिवशी क्रीडाशिक्षकांना व्यासपीठावर बसवा. पाहुण्यांच्या खुर्च्या दोन कमी झाल्या तरी चालतील. शाळेच्या तक्त्यात पीटीचा तास सगळ्यांत आधी गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो, गुणपत्रिकेत हा विषय नुसत्या श्रेणीपुरता उरतो, आणि तरी ही माणसे शाळा सुटल्यावर बिनपगारी दोन तास मैदानावर थांबतात. मुलांनाही बोलू द्या. 'माझ्या यशाचे श्रेय आईवडिलांना' हे पाठ केलेले भाषण नको. सकाळी किती वाजता उठायची, सामन्याहून परतल्यावर पहिले कोणते पुस्तक उघडायची, कोणता विषय राहून गेला, हरल्यावर किती दिवस जेवण गेले नाही, असे विचारा. ऐकणाऱ्या मुलांना त्यातच रस असतो.

पालकांना एक विनंती. या गौरवाचे रूपांतर दुहेरी ओझ्यात करू नका. शेजारच्या मुलीने राज्य खेळून नव्वद मिळवले म्हणून आपल्या मुलाने दोन्ही केलेच पाहिजे, असा नवा दंडक घरात निघाला तर आम्ही हे आवाहन लिहिले नसते तर बरे, असे म्हणायची वेळ येईल. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढे प्रत्येक मुलाला मिळू द्या, दहावीच्या वर्षीही. स्पर्धेत उतरायचे की नाही हे त्याचे त्याला ठरवू द्या.

शेवटी तारखेचे. २०२५ साली निकाल १३ मे रोजी लागला. पण गुणगौरव बहुतेक ठिकाणी गणेशोत्सवात किंवा त्यानंतर होतो. यंदा तो शाळा सुरू झाल्यावर लगेच, जूनअखेरपर्यंत घ्या. नुकती नववी संपवून दहावीत आलेली मुले आणि त्यांचे आईवडील यांना मुद्दाम निमंत्रण द्या, पुढच्या रांगांत बसवा. यंदा संघात राहायचे की नाव काढून घ्यायचे, हे त्या घरांत याच दिवसांत ठरत असते आणि तालुका स्पर्धांच्या प्रवेशिका त्यानंतर थोड्याच आठवड्यांत भरल्या जातात. तेव्हा अर्जाचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी समितीची एक बैठक घ्या, रकाना घाला, आणि शाळांच्या सूचनाफलकांवर तो लावायला मुख्याध्यापकांची परवानगी आत्ताच मागून ठेवा.