उंचीचे ओझे



वयाच्या मानाने फार उंच वाढलेल्या मुलाची गावात थट्टा होते. मग तो वाकून चालू लागतो. अमेरिकेतील जॉर्ज मायकन हा असाच एक मुलगा होता. त्याचा जन्म १८ जून १९२४ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे झाला. पुढे त्याची उंची सहा फूट दहा इंच भरली. दृष्टी अधू, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. धर्मगुरू व्हावे या विचाराने तो काही काळ शिकागोच्या क्विग्ली सेमिनरीत शिकला. पुढे तो मार्ग त्याने सोडला.

१९४२ साली तो त्याच शहरातील डीपॉल या कॅथलिक विद्यापीठात दाखल झाला. एवढा उंच माणूस बास्केटबॉलला निरुपयोगी, असा त्या काळी समज होता. परंतु रे मायर या तरुण शिक्षकाने त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या, नृत्यही शिकविले. जाळीखाली उभे राहून आळीपाळीने उजव्या व डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा सराव करविला. त्या सरावाला आजही मायकनचेच नाव आहे.

१९४६ साली तो व्यावसायिक खेळाडू झाला. आधी शिकागोच्या व नंतर मिनियापोलिसच्या लेकर्स संघाकडून खेळताना, १९४७ ते १९५४ या आठ वर्षांत त्याच्या संघांनी सात अजिंक्यपदे मिळविली. त्याला आवरण्यासाठी १९५१ साली जाळीसमोरील पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने तर चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला व सामना १९-१८ असा जिंकला. त्या अठरांपैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे होते! असे रटाळ सामने टाळण्यासाठी १९५४ साली चोवीस सेकंदांत चेंडू फेकण्याचा नियम आला.

खेळ सोडल्यावर त्याने वकिली केली. परंतु उतारवयात मधुमेहाने गाठले व २००० साली एक पाय कापावा लागला. जुन्या खेळाडूंना मिळणारे निवृत्तिवेतन अगदीच तुटपुंजे होते. ते वाढावे म्हणून तो आजारपणातही झगडत राहिला. १ जून २००५ रोजी तो निवर्तला, तेव्हा अंत्यविधीचा खर्च शकील ओनील या नव्या पिढीतील धनाढ्य खेळाडूने उचलला. ओनीलचे हे करणे थोर खरेच. तथापि जे हक्काने मिळावयास हवे होते, ते औदार्याने मिळाले, ही खंत उरतेच.

आपल्या गावीही कोणी शाळेसाठी दगड वाहिले असतील, कोणी विहीर खणली असेल. आज ते म्हातारे ओसरीवर बसले आहेत. ज्यांनी विहीर खणली, त्यांच्यावर घोटभर पाण्यासाठी हात पसरण्याची पाळी येऊ नये, एवढे तरी आपण पाहू या.