रुग्णालयाआधीचे कवच

श्वसनमार्गातील पेशी एकमेकींत विरघळवून त्यांचा गोळा करणारा आरएसव्ही हा विषाणू धडधाकट प्रौढांत बहुधा सर्दीवरच थांबतो. मात्र तान्ह्या बाळाच्या अतिशय बारीक श्वासनलिका सुजून त्यांत चिकट स्राव साचला, की बाळाचे पोट उडू लागते, ते दूध सोडते आणि त्याला प्राणवायू लावण्याची वेळ येते. 2019 मध्ये या विषाणूमुळे जगभरात पाच वर्षांखालील सुमारे 1 लाख बालके दगावली, त्यांपैकी 45 हजारांहून अधिक सहा महिन्यांचीही नव्हती, आणि 97 टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, त्यामुळे प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना धोका अधिक, कारण आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूला निष्प्रभ करणारी प्रथिने, मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाकडे जातात आणि सातव्या महिन्यात जन्मलेले मूल ही शिदोरी पुरेशी न घेताच येते. 1960च्या दशकातील या विषाणूविरुद्धच्या पहिल्या लसीने आजार उलट बळावून दोन बालकांचा बळी घेतल्यावर हे क्षेत्र दीर्घकाळ थबकले. 1998 मध्ये आलेले पॅलिव्हिझुमॅब हे तयार प्रतिपिंड महागडे होते आणि दर महिन्याला टोचावे लागे. आता निर्सेव्हिमॅब या नव्या प्रतिपिंडाचे एकच इंजेक्शन किमान पाच महिने संरक्षण देते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात 2023-24च्या हंगामात ते सरसकट दिल्यावर या आजाराने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका सुमारे 82 टक्क्यांनी घटला. आईला गरोदरपणात टोचायची लसही उपलब्ध आहे, आणि 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही मार्गांची शिफारस केली.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मेळघाटातील आदिवासी गावांत 2016 ते 2020 दरम्यान झालेल्या अभ्यासात घरीच दगावलेल्या बालकांचीही तपासणी झाली आणि त्यांच्यातही हा विषाणू सापडला. रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबणारे नियोजन नेमके या मुलांना वगळते, आणि हा दोष अक्षम्य आहे. प्रतिपिंडाच्या किमतीची सबब पुढे केली जाईल. परंतु न्युमोनियाच्या जिवाणूविरुद्धची न्युमोकोकल लसही एकेकाळी महागच होती, तरी ती 2017 पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि तिची स्वस्त देशी आवृत्ती पुण्यात तयार झाली.

सर्वांना एकदम संरक्षण देणे आज परवडणारे नसेल, तर सुरुवात शासकीय नवजात काळजी कक्षांतून घरी जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयविकार असलेल्या बाळांपासून करावी. आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींत श्वासाचा वेग मोजणे, रक्तातील प्राणवायू तपासणे आणि केवळ स्तनपानाचा आग्रह धरणे यांवर भर असावा, आणि घरात सर्दी-खोकला असलेल्या माणसाने बाळापासून दूर राहावे, चुलीचा व विडीचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. राज्याच्या आरोग्य विभागाने या बाळांसाठी प्रतिपिंडाची तरतूद येत्या पावसाळ्याआधी करावी.