चाळणी कुणाच्या हातात?



तांदूळ निवडायला घेतले की आपण आधी उजेडात बसतो. खडा कुठला आणि कणी कुठली, हे दिसलं पाहिजे. सरकार आपली निवेदनं निवडायला बसतं, ते मात्र दार लावून.

चंद्रपूरची गोष्ट आठवा. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. आपल्याही जिल्ह्यात ती व्हावी म्हणून चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. गावोगावचे ठराव झाले, समिती बसली आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २०२० मध्ये बंदीचा आढावा निघाला. प्रशासनाने लोकांकडून निवेदनं मागवली. दोन लाखांवर आली. त्यातली बहुसंख्य ‘बंदी उठवा’ म्हणणारी होती. पुढे रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

बंदी कितपत यशस्वी झाली, चोरटी दारू किती वाढली, यावर आपल्यातही मतभेद आहेत. आजचा प्रश्न तो नाही. तो ढीग मोजला कसा, हा प्रश्न आहे. एकाच मजकुराचे शंभर छापील कागद आले तर ती शंभर मतं की एक? ज्या ग्रामसभेत दोनशे बाया बसल्या, तिचा ठराव म्हणजे एक कागद की दोनशे बाया?

उलट, दुकान बंद करण्याची मागणी आपण करतो तेव्हाची चाळणी बघा. २००८ च्या नियमाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करायच्या. अधिकारी त्या सह्या पडताळून बघणार. मग गुप्त मतदान. तिथेही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी बाई कापूस वेचायला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, ती जणू उभ्या बाटलीच्या बाजूची! दुकान बंद करायला इतकी बारीक चाळणी. मग संबंध जिल्ह्याची बंदी उठवताना कोणती होती?

त्याच २०२० सालची दुसरी गोष्ट. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर केंद्र सरकारने हरकती मागवल्या. खाणींच्या जनसुनावण्या ज्या नियमांनी होतात, ते बदलणारा हा मसुदा. म्हणजे आपल्या जंगलाशी थेट संबंध. लोकांनी ईमेल पाठवले. तेव्हा मंत्र्यांकडे फार ईमेल येतात म्हणून तक्रार झाली. ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या तरुणांच्या गटाचं संकेतस्थळ बंद पडलं. पोलिसांनी आधी दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस काढली, मग ती मागे घेतली. तो मसुदा अनुसूचित भाषांमध्ये द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या बावीस भाषांत गोंडी नाही, माडिया नाही. एटापल्लीच्या बाईचा शब्द चाळणीपर्यंत पोचतच नाही.

एका ठिकाणी ढीग म्हणजे लोकमत, दुसऱ्या ठिकाणी ढीग म्हणजे उपद्रव. कचरा निवडायला आमची ना नाही. पण निवडण्याचा नियम आधी जाहीर व्हावा आणि सर्वांना एकच असावा. व्यक्तीचं निवेदन, छापील गठ्ठा आणि ग्रामसभेचा ठराव यांची मोजणी वेगवेगळी दाखवावी. जे बाद केलं ते का बाद केलं, हे लिहून द्यावं. लिहिता न येणाऱ्या बाईचं म्हणणं तिच्या भाषेत ऐकून, लिहून घ्यावं आणि तिला वाचून दाखवावं.

आपल्याही सवयी बदलायला हव्यात. आपणही छापील निवेदनांवर अंगठे घेत आलो आहोत. तालुक्याच्या वाटेवर, जीपमध्ये, घाईघाईत. यापुढे निदान दोन ओळी प्रत्येकीच्या स्वतःच्या असू द्या: माझं नाव, माझं गाव, माझ्या घरात काय घडलं. निवेदन दिलं की आवक शिक्का मारलेली पोच घ्या, ती ग्रामसभेच्या वहीत चिकटवा. तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारा, आमच्या कागदाचं काय केलं?

सूप आपण आयुष्यभर हातात धरलं आहे. फोलपट कुठलं आणि दाणा कुठला, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. निवडणाऱ्यांनी फक्त दार उघडून उजेडात बसावं.