निधी कुणाच्या घरचा?

१७ एप्रिल २०२४. स्थळ इंदापूर. समोर बसलेले वकील, डॉक्टर, म्हणजे तालुक्यातली शिकलीसवरलेली माणसं. बारामती लोकसभेचा प्रचार ऐन रंगात. राज्याचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार भाषणात म्हणाले की, निधी लागेल तेवढा देऊ, पण मशीनमध्ये बटणंही तशीच कचाकचा दाबा. नाहीतर हात आखडता घ्यावा लागेल. तक्रार झाली. निवडणूक अधिकाऱ्यांनी आचारसंहितेचा भंग झालेला नाही असा निर्वाळा दिला. विषय संपला. 'कचाकचा' हा शब्द तेवढा रील होऊन महिनाभर फिरत राहिला आणि लोक हसत राहिले.

आम्हाला हसू आलं नाही. कारण त्याच पंधरवड्यात आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यात बसलो होतो. भीमजयंतीचा मंडप अजून उतरवायचा होता. समाजमंदिरात गावातला एक पुढारी आला. कुठल्या गटाचा ते सांगत नाही, कारण दोन्ही गटांत अशी माणसं आहेत. अतिशय नम्रपणे बोलला. 'जयभीम' घातला. मग खिशातून झेरॉक्सचा एक कागद काढला आणि म्हणाला, "मागच्या टायमाला तुमच्या बूथवर आपल्याला किती पडली, त्याचा आकडा हाय माझ्याकडं. मी काय बोलत न्हाय. रस्त्याचं काम मंजूर हाय, एवढंच सांगतो." कागदाची घडी घालून त्यानं परत खिशात ठेवला. धमकी नाही, शिवी नाही. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या त्याच्या भावकीच्या डाळिंबाच्या बागेत रोजानं जातात. त्यांना त्या कागदाचा अर्थ लगेच कळला.

इथं दोन खोटी गृहीतकं एकत्र नांदतात. एक, निधी देणाऱ्याच्या मालकीचा आहे. दुसरं, आमचं मत गुप्त आहे. पहिल्यावर आपण पुष्कळ बोलतो, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीच.

आधी पहिलं. हा प्रकार एका भाषणात जीभ घसरली म्हणून झालेला नाही. २०१४ च्या लोकसभेवेळी बारामती तालुक्यातल्या मासाळवाडीत, सुप्रिया सुळे यांना मतं दिली नाहीत तर गावाचं पाणी तोडू, असं अजित पवार बोलल्याचा आरोप झाला होता. त्यांनी तो नाकारला. २०२४ ला इंदापूर झालं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये माळेगाव नगरपंचायतीच्या प्रचारात पुन्हा तेच: तुमच्या हातात मत आहे, माझ्या हातात निधी, तुम्ही काट मारली तर मीही मारणार. गंमत अशी की २०१४ च्या आरोपात मत मागितलं जात होतं ते बहिणीसाठी, २०२४ ला ते बहिणीच्या विरोधात पत्नीसाठी. उमेदवार बदलला, पक्ष फुटला, घड्याळ एकाकडे गेलं, तुतारी दुसऱ्याकडे आली. मतदाराकडे बघण्याची नजर तेवढी बदलली नाही. म्हणून हा एका माणसाचा प्रश्न नाही. पुणे जिल्ह्याच्या कारखाने, दूध संघ आणि जिल्हा बँकेवर उभ्या असलेल्या राजकारणात मतदार म्हणजे उचल घेतलेला माणूस. उचल घेतली की कोयता दुसऱ्याच्या फडात जाता कामा नये.

अर्थमंत्री ज्या निधीबद्दल बोलत होते तो येतो कुठून? ज्या बाई डाळिंबाच्या बागेत रोजानं जातात त्या साबणावर, काडीपेटीवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतात. तिजोरीत त्यांचाही पैसा आहे. आणि बौद्धवाड्यात जो निधी येतो त्यातला मोठा भाग तर कुणाच्या मर्जीचा नाहीच. अनुसूचित जाती उपयोजना देशात १९७९-८० पासून आहे. पूर्वी आपण तिला विशेष घटक योजना म्हणायचो. लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद हे तिचं तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. जिल्हा परिषदेचं समाजकल्याण खातं वस्तीच्या लोकसंख्येनुसार रस्ता, गटार, पाणी, दिवाबत्ती यांसाठी पैसा देतं, तो याच हिशेबातला. तो वाड्यावरून येत नाही. फीत मात्र वाड्यावरचा माणूस कापतो आणि फ्लेक्सवर त्याचाच फोटो असतो, आपण तो फ्लेक्स बांधायला दोरी पुरवतो.

उलट आपल्या हक्काचा पैसा बाहेर जातो तेव्हा कुणाचाच हात आखडत नाही. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. तक्रार खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. योजनेत अनुसूचित जातींच्या बहिणीही आहेत, असं समर्थन पुढे आलं. आहेतच. मग इतर बहिणींचे पैसे जसे सर्वसाधारण तिजोरीतून येतात तसेच त्यांचेही येऊ द्या ना. वसतिगृहातल्या पोराचा निर्वाह भत्ता आणि त्याच्या आईचे पंधराशे रुपये एकाच डब्यातून काढायचे, याला न्याय कसं म्हणायचं? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये उपयोजनेला कायद्याचं कुंपण घातलं. महाराष्ट्रात ही मागणी आपण वर्षानुवर्षं करतोय. बारामतीच्या लोकसभा प्रचारात दोन्ही बाजूंच्या कुठल्या सभेत ती आम्ही ऐकली नाही.

आता दुसरं गृहीतक, मत गुप्त असण्याचं. पुढाऱ्याच्या खिशातला तो कागद चोरीचा नव्हता. फॉर्म २० म्हणतात त्याला. निकालानंतर प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली त्याचा हा अधिकृत तक्ता निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर असतो, कुणीही काढावा. मतदार यादीचे भाग वस्तीनुसार पडतात, त्यामुळे बौद्धवाडा बहुधा एकाच केंद्रावर येतो. एकट्या माणसाचं मत कळत नाही, पण वाड्याचं कळतं. आणि गावात आपल्याला शिक्षा कधी एकट्याला होते? होते ती वाड्यालाच. बहिष्कार वाड्यावर, पाणी वाड्याचं, रोजगार वाड्याचा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली ती याच अनुभवातून. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यातच सायमन कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हा मताचा हक्क सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला होता. तो मिळाला, सगळ्यांना मिळाला. पण ज्याच्या बांधावर उद्या कामाला जायचं आहे त्याच्या हातात आमच्या केंद्राचा आकडा असेल, तर त्या हक्काचं काय होतं?

यावर उपाय नाही असं नाही. मतपत्रिकांच्या काळात, आयोगाला गरज वाटेल तिथं अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळण्याची सोय १९६१ च्या निवडणूक नियमांत होती. मशीन आलं आणि ही सोय गेली. २००८ मध्ये निवडणूक आयोगानंच 'टोटलायझर' नावाचं यंत्र सुचवलं. त्याला चौदा मशीनं एकत्र जोडायची आणि एकच बेरीज बाहेर काढायची, कुठल्या केंद्रावर कुणाला किती हे झाकलेलं राहतं. २०१५ मध्ये विधी आयोगानं आपल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारनं विरोध केला. केंद्रनिहाय आकडे कळले तर जिथं मतं कमी पडली तिथं पक्षाला अधिक काम करता येतं, असं कारण दिलं. आमच्याकडे ते 'अधिक काम' कसं होतं, ते सरकारनं एकदा येऊन बघावं.

आमच्यातले काही मित्र याला विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मशीनवर आधीच विश्वास कमी, त्यात केंद्रनिहाय आकडेही गेले तर गडबड पकडायची कशी, असं ते विचारतात. पण केंद्रावर एकूण किती मतदान झालं हे सांगणारा १७ सी हा फॉर्म राहीलच, तो आपल्या पोलिंग एजंटनं सहीनिशी घ्यायचाच आहे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची मोजणी आज विधानसभा मतदारसंघामागे पाच केंद्रांची होते, ती वाढवून घेता येईल. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो आपल्याच घरातला आहे. वस्तीची एकगठ्ठा मतं दाखवूनच तर आपले कार्यकर्ते वाटाघाटी करतात, आकडाच झाकला तर कुणी विचारणार नाही. आम्ही या वादात बरेच महिने दोन्ही बाजूंना हेलकावे खाल्ले. शेवटी इतकंच दिसतं की त्या आकड्यावर वाटाघाटी करणारा एक असतो आणि त्या आकड्याची किंमत मोजणाऱ्या चाळीस बाया असतात.

२०२४ ला त्यांनी ती किंमत मोजायची तयारी ठेवून मत दिलं, हे विसरता येत नाही. २०१९ ला बारामतीत वंचितच्या उमेदवाराला ४४ हजारांच्या आसपास मतं होती. २०२४ ला वंचितनं उमेदवार दिला नाही, सुप्रिया सुळेंना पाठिंबा दिला. वाड्यावाड्यांत एकच बोलणं होतं, 'चारशे पार' झाले तर संविधान बदलतील. ७ मे ला रांगा लागल्या. ४ जूनला सुळे १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी निवडून आल्या. बारामती विधानसभा क्षेत्रातच त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती, इंदापुरातही आघाडी होती. पेपरांनी लिहिलं, साहेबांसाठी सहानुभूतीची लाट. पवार घराण्यातली भावनिक लढाई. आमच्या मताचं कारण कुणी आम्हाला विचारलंच नाही. पंधरवड्यात पराभूत सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. म्हणजे त्या घरात हरलं कुणीच नाही, तेव्हा दोघी संसदेत गेल्या. साडेपाच महिन्यांनी विधानसभेला त्याच बारामतीत अजित पवार एक लाखावर मतांनी जिंकले, इंदापुरात त्यांचेच दत्तात्रय भरणे निवडून आले. मतदारानं लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा अशी वाटणी केली, असं कौतुकानं सांगितलं जातं. असेलही. पण मधल्या साडेपाच महिन्यांत कुठल्या वस्तीत कोण कोण येऊन कुठला कागद दाखवून गेलं, त्याची नोंद या कौतुकात नाही.

आणि निवडून आलेल्या ताईंना तरी आपण काय विचारलं? संविधानासाठी दिलेल्या मतावर संसदेत उपयोजनेच्या कायद्याचा, टोटलायझरचा प्रश्न मांडा, असं लेखी निवेदन आपण मोर्चानं नेऊन दिलं का? आम्हीही दिलं नाही. विजयाच्या गुलालात आम्हीही होतो, ते लपवत नाही.

२०२२ पासून पुणे जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. वस्तीच्या कामांचा जाब विचारायला निवडून आलेला सदस्यच इतकी वर्षं नव्हता. त्यामुळे पुढाऱ्याच्या तोंडातला 'मंजूर हाय' हाच अर्थसंकल्प झाला होता.

इंदापूरच्या त्या बौद्धवाड्यातला रस्ता झाला, हे सांगायला हवं. सिमेंटचा, चांगला झाला. फक्त तो समाजमंदिरापासून सुरू होतो, शेवटची आठ घरं डावीकडे सोडतो आणि एका बागायतदाराच्या बंगल्याच्या फाटकापाशी थांबतो. मागच्या पौर्णिमेला त्या आठ घरांतली एक मुलगी, बारामतीला बीएस्सीला आहे, वही घेऊन आली. रस्ता कुठल्या योजनेतून, आराखड्यात लांबी किती, शेवटचं टोक कुठलं दाखवलंय, मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी, असे चार मुद्दे तिनं लिहून आणले होते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिच्याच नावानं टाकायचा की आमच्यापैकी कुणाच्या, यावर तासभर बोलणं झालं, कारण तिची आई अजून त्याच बागेत जाते. आईच म्हणाली, "नाव तिचंच टाका, रस्ता तिच्या दारात न्हाय आला." अर्ज गेला. तीस दिवस या रविवारी भरतात.