बारा व्होल्ट म्हणजे किती व्होल्ट?

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण ऐकला असेल. ठाऊक असूनही ठाऊक नसल्याचा आव आणणे, असा त्याचा अर्थ. त्यातले पेडगाव श्रीगोंद्याकडचे असे सांगतात. माझे पेडगाव परभणीजवळचे. तरी गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या सणात आमच्या घरी हा वाक्प्रचार खरा ठरला!

दहावीतल्या माझ्या पुतण्याने आराशीसाठी एलईडीची ५ मीटर पट्टी आणि १२ व्होल्टचा एक अ‍ॅडॉप्टर आणला. पहिल्या रात्री पट्टी छान उजळली. दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणावळीच्या वेळी, ती उघडझाप करू लागली. अ‍ॅडॉप्टरला हात लावला तर चटका बसला. “काका, पट्टी नकली निघाली,” असे म्हणून तो ती टाकून द्यायला निघाला.

मी अ‍ॅडॉप्टर उलटा करून पाहिला. त्यावर छापले होते, ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’. पट्टीच्या वेष्टनावर होते, ‘१२ व्होल्ट, दर मीटरला ४.८ वॅट’. आता गणित करा. ५ मीटरला २४ वॅट लागणार. २४ भागिले १२ म्हणजे २ अँपिअर. एका बैलाच्या मानेवर दोन बैलांचे ओझे टाकले होते. पट्टी निर्दोष होती. निवड चुकली होती, आणि ती अचूक करण्याचे गणित त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातच होते.

२०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडीचे बल्ब खेडोपाडी पोहोचले. या बल्बच्या पोटातच विद्युतधारा आवरणारे मंडल असते. पट्टीत तसे मंडल नसते. म्हणून तिला बाहेरून स्थिर विद्युतदाबाचा पुरवठा द्यावा लागतो. तो निवडण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

पट्टी भिंगातून पाहा. कात्रीने कापण्याच्या दोन खुणांमध्ये तीन एलईडी आणि एक चिमुकला रोध एकसर जोडणीत दिसतील. असे अनेक गट एकमेकांना समांतर जोडलेले असतात. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट पडतात, तिघांवर ९.६. उरलेले २.४ व्होल्ट रोधावर येतात. रोध १२० ओहमचा असेल, तर ओहमच्या नियमाने विद्युतधारा २० मिलिअँपिअर.

आता पुरवठा १२ ऐवजी १३ व्होल्टचा झाला तर? एलईडीवरचा दाब फारसा बदलत नाही. वाढीव १ व्होल्ट जवळजवळ सगळा रोधावर येतो. म्हणजे ३.४ व्होल्ट, आणि धारा सुमारे २८ मिलिअँपिअर. दाब वाढला शेकडा ८, धारा वाढली शेकडा ४०! ‘स्थिर’ या शब्दाचे महत्त्व इथे आहे.

आमच्याकडे वीज गेली की पुष्कळजण फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी थेट पट्टीला जोडतात. पण शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरली की सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते आणि चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. १४.४ व्होल्टला आपल्या गटातील धारा सुमारे ४० मिलिअँपिअर, म्हणजे दुप्पट होते. पट्टी तापते, पिवळी पडते, आणि दोष मात्र दुकानदाराला जातो. बॅटरीवरचा ‘१२ व्होल्ट’ हा आकडा नाव आहे, माप नव्हे. माप हवे असेल तर मल्टिमीटर लावावा.

तारेचाही विचार हवा. पुरवठ्यापासून पट्टी १० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार २० मीटर होते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीत सुमारे ०.६८ ओहम भरतो. गणित केल्यास, २ अँपिअरऐवजी जेमतेम १.३ अँपिअर धारा वाहते आणि उजेड मंदावतो. तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर धारा १.८ अँपिअरपर्यंत येते. अंतर याहून जास्त असेल, तर २४ व्होल्टची पट्टी आणि तसाच पुरवठा घ्यावा.

थोडक्यात, पट्टी आणि पुरवठा यांचे व्होल्ट एकच असावेत. पट्टीचे एकूण वॅट काढून पुरवठा निदान सव्वापट क्षमतेचा घ्यावा. आमच्या पट्टीला ३० वॅट पुरले असते. आम्ही ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा घेतला. मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा ही जास्तीची क्षमता कामी येते. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण पाहावी. चांगल्या पुरवठ्यात २३० व्होल्टची आणि १२ व्होल्टची बाजू एकमेकींपासून विलग असतात. स्वस्त मालात याची खात्री नसते, आणि पट्टीला तर लहान मुलेही हात लावतात. पुरवठ्याची पेटी स्वतः उघडू नये. प्रयोग १२ व्होल्टच्या बाजूलाच करावेत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पट्टी गेली तर दुसरी आणू. पण तापलेला अ‍ॅडॉप्टर आराशीच्या पडद्याला टेकला, तर नुकसान पट्टीपुरते राहणार नाही.

माझी खरी तक्रार पुतण्याविषयी नाही, आम्हा शिकवणाऱ्यांविषयी आहे. त्याला चाचणीत ओहमच्या नियमावर पूर्ण गुण होते. मीही अनेक वर्षे तेच तीन रोध फळ्यावर काढत आलो आहे. नियम वहीत राहिला, दुकानापर्यंत गेलाच नाही. शिक्षकांनी यंदा वर्गात पट्टीचा एक मीटर तुकडा, एक चांगला अ‍ॅडॉप्टर आणि मल्टिमीटर आणावा. विद्यार्थ्यांनी आधी धारेचे गणित मांडावे, मगच मोजावे. दोन्ही उत्तरांत थोडा फरक पडेल. तो का पडला, यावर वर्गात चर्चा व्हावी.

पुतण्याने तीच पट्टी दिवाळीत पुन्हा लावली. या वेळी दुकानात जाण्यापूर्वी त्याने माझ्यासमोर कागद-पेन्सिल घेतली होती.