पित्ताचा स्वभाव आणि पित्ताचा बहाणा

मे महिन्यात आमच्या मूर्तिजापुरात पारा 45 अंशांच्या आसपास गेला, की घरोघरी एकच शब्द ऐकू येतो, ‘पित्त झालं.’ डोके दुखले की पित्त, मळमळले की पित्त. घरातला कर्ता माणूस विनाकारण ओरडला तरी, ‘त्यांचं पित्तच गरम आहे,’ म्हणून सगळे गप्प बसतात. म्हणून या वेळी पित्त प्रकृती म्हणजे काय, आणि काय नाही, हे समजून घेऊ.

वात, पित्त आणि कफ यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून आयुर्वेद माणसाची प्रकृती सांगतो. चरकसंहितेनुसार पित्त उष्ण, तीक्ष्ण आणि द्रव आहे. या प्रकृतीच्या माणसाला भूक-तहान सपाटून लागते आणि ऊन सोसत नाही. केस लवकर पांढरे होतात, टक्कल पडते. बुद्धी तल्लख, पण रागही चटकन येतो. हा जन्माचा स्वभाव आहे, आजार नव्हे. पित्त प्रमाणाबाहेर वाढून जळजळ, आंबट ढेकर, अंगाची आग सुरू झाली की तो बिघाड.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी याच्या जवळचा शब्द आहे, ‘सफरावी मिजाज’. युनानी तिब्बमध्ये सफरा गरम आणि कोरडा मानतात, तर आयुर्वेदात पित्त गरम, पण किंचित स्निग्ध. दोन्ही अगदी एक नाहीत. मात्र त्यांची ओळख जुनी आहे. अली इब्न रब्बन अत्-तबरी यांनी इ.स. 850 मध्ये पूर्ण केलेल्या ‘फिरदौसुल हिकमत’ या ग्रंथात भारतीय वैद्यकावर स्वतंत्र भाग आहे. पुढे हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात आयुर्वेद आणि युनानी एकाच छताखाली आणले. 1921 मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले.

आता स्वयंपाकघराकडे वळू. वऱ्हाडी जेवणात ठेचा आणि तर्री हवीच. त्यात उपाशीपोटी चहा आणि रात्रीचे जागरण, म्हणजे पित्ताला आयते आमंत्रण. दही हाताला थंड लागते, पण आयुर्वेद त्याला उष्ण मानतो. त्यापेक्षा ताजे, गोड ताक बरे. ज्वारीची भाकरी, दुधी, दोडके, भिजवलेल्या मनुका, धने-जिऱ्याचे पाणी हे पित्ताला मानवते. 2018 मध्ये रमजान ऐन मे-जूनमध्ये आला होता. अशा दिवसांत सहरीला तिखट कमी आणि पाणी पुरेसे घ्यावे. इफ्तार खजूर-पाण्याने करून थोडे थांबावे. लगेच भजी-कबाबवर तुटून पडू नये. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

पण खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. एका पहाटे आमच्या मामूजानच्या छातीत जळजळू लागले. ‘पित्त आहे, उतरेल,’ म्हणत त्यांनी खाण्याचा सोडा घेतला. आम्हीही मान डोलावली, कारण ते ‘गरम मिजाजाचे’ म्हणून ठाऊक होते. घामाने कुर्ता भिजला, तेव्हा कुठे मुमानीने रिक्षा बोलावली. दुखणे हृदयाचे निघाले. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. पण आमच्या ‘पित्त आहे’ने दोन तास खाल्ले होते.

म्हणून लक्षात ठेवा. छातीवर दाब आला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, दम लागला, थंड घाम सुटला, तर पित्ताचा विचार न करता तडक दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत ही लक्षणे कधी पुसट असतात. काळी शौच, रक्ताची उलटी, डोळ्यांचा पिवळेपणा यांनाही घरी थारा देऊ नये. पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. वैद्य, हकीम, डॉक्टर यांची औषधे एकत्र चालू असतील, तर तिघांनाही तसे सांगावे.

आणि राग? मिजाज गरम असणे आपल्या हाती नसेल, पण त्याची झळ बायको-मुलांना लागू न देणे आपल्याच हाती आहे. राग आला तर उभ्याने बसावे, वुजू करावा, ही शिकवण आपल्याला आहेच. प्रकृती ओळखायची ती स्वतःला सांभाळण्यासाठी, बहाण्यासाठी नाही.