झटका देण्याआधी पाय तपासा

पट्टा पडला की वडवणी तालुक्यातली गावे पुन्हा भरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयता घेऊन गेलेली माणसे मार्च-एप्रिलमध्ये परततात, ती दुखरी कंबर घेऊनच. "कंबरेतून चमक निघते अन् पार पोटरीपर्यंत जाते", "पायाला मुंग्या येतात", "खोकलं तरी कळ येते." नर्सिंग केलेल्या बाईला ही वाक्ये पाठ असतात. गावात याला नस दबली म्हणतात, आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, डॉक्टर चिठ्ठीवर सायटिका लिहितात. दुखणे एकच.

या दुखण्यावरचा एक नवा उपाय आता मोबाइलवरून घरोघर पोहोचला आहे. माणसाला कुशीवर झोपवायचे, कंबर पिळायची, एक जोराचा झटका द्यायचा. 'कट्' असा आवाज येतो आणि माणूस हसत उठून बसतो. याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. व्हिडिओ पाहून मालिशवाले, जिमवाले आणि काही हाडवैद्यही असा झटका देऊ लागले आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : कळ पायात उतरत असेल, तर तपासणी झाल्याशिवाय कोणालाही आपल्या कंबरेला झटका देऊ देऊ नका. आणि ती तपासणी आपल्या तालुक्यात मिळावी, यासाठी भांडा.

आधी दुखणे समजून घेऊ. शरीरातली सर्वात जाड नस कंबरेच्या खालच्या मणक्यांतून निघते, ढुंगणातून मांडीच्या मागून जाते आणि तळपायापर्यंत पोहोचते. दोन मणक्यांमध्ये गादी असते. वाकून, पिळवटून ओझे उचलत राहिले की ही गादी मागे सरकते, कधी फाटते आणि नसेच्या मुळावर दाब देते. दाब कंबरेत असतो, पण कळ पायात जाते. ऊसतोडीत दिवसभर कमरेत वाकून बुडातून ऊस छाटायचा, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कंबरेची गादी बिघडवण्याचे याहून पक्के साधन कोणी शोधून काढले नसते.

आता झटक्याकडे येऊ. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या मणक्याला झटका दिला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा दावा केला. तिथून ही पद्धत सुरू झाली. आज परदेशात तिचे अनेक वर्षांचे शिक्षण आहे, परवाने आहेत. साध्या कंबरदुखीत अशा हाताच्या उपचाराने काहींना थोडा आराम मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ज्या सूचना काढल्या, त्यात स्पष्ट सांगितले आहे की हाताचे उपचार द्यायचेच तर व्यायामासोबत द्या, एकटे देऊ नका. कंबरपट्टा आणि वजन लावून ओढणे या दोन्ही गोष्टी देऊ नका, असेही त्यात आहे. आपल्याकडे तर पट्टा हाच पहिला उपचार समजला जातो.

तो 'कट्' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे. सांध्यातल्या द्रवात हवेचा बुडबुडा होण्याचा तो आवाज आहे, बोटे मोडताना येतो तसाच. लचक भरली की पायाळू माणसाची लाथ खायची ही आपली जुनी रीत. तिला आपण अडाणीपणा म्हणून हसतो. मग न तपासता दिलेला झटका केवळ इंग्रजी नावाचा आहे म्हणून शास्त्र कसा होतो? आपल्या देशात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपिस्टची आहे, महाराष्ट्रात त्यासाठी २००२ चा कायदा आहे. चूक झाली तर कोणाकडे दाद मागायची, हा फरक गरिबाला फार महाग पडतो.

बीडच्या बायांसाठी धोका आणखी मोठा आहे. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. पांढरे जाणे, अंगावरून जाणे यांच्या जोडीने कंबरदुखी हेही त्यात सांगितले जाणारे कारण होते. ढुंगणातून गुडघ्याखाली उतरणारी कळ गर्भाशयाची नसते, नसेची असते. पिशवी काढून ती जात नाही. उलट पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल, तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखे होते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा बाईच्या मणक्याला झटका दिला तर मणका मोडू शकतो. आपल्या भागात क्षयरोगही आहे आणि तो मणक्यालाही होतो. पोखरलेल्या मणक्यावर झटका म्हणजे पाय कायमचे गमावण्याची जोखीम.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, घाबरायचे नाही. सायटिकाच्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना चांगला फरक पडतो. अंथरुणाला खिळून राहू नका. एक-दोन दिवस विश्रांती पुरे, मग झेपेल तेवढे चाला. वाकून ओझे उचलणे बंद ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि घरी रोज करा. उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका, जठर आणि मूत्रपिंड दोन्ही जातात. कंबरेत कसले इंजेक्शन देताय, हे विचारल्याशिवाय सुई घेऊ नका.

दुसरी गोष्ट, घरच्या घरी पाय बघा. दहा पावले टाचांवर चाला, दहा पावले चवड्यांवर. एका पायाला जमत नसेल, तर नसेची ताकद कमी होते आहे. डॉक्टरांना लगेच दाखवा.

तिसरी गोष्ट पाठच करून ठेवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग आणि शौचाची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठा. इथे तासांचा हिशेब असतो. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तरीही आधी तपासणी.

इथे कोणीही म्हणेल, ताई, विश्रांती कशी घ्यायची? खाडा केला की मुकादम पैसे कापतो, उचल तर आधीच घेतलेली. हे खरे आहे, म्हणूनच हा प्रश्न नुसता व्यायामाने सुटणारा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ ने माणसाला किती वजन उचलायला लावायचे, याला मर्यादा घालण्याची सोय केली. पण साखर कारखान्याच्या फाटकाच्या आतला कामगार तो कामगार, आणि त्याच कारखान्यासाठी फडात मोळी वाहणारी बाई कोणाचीच नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये प्रा. अदारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल त्यांना सादर केला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या विम्याचे छत्र फडापर्यंत आलेले नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसावा. कारखान्यावर जाण्याआधी आणि पट्टा पडल्यावर प्रत्येक कोयत्याची, म्हणजे दोघांचीही, कंबर-पायाची तपासणी व्हावी. मोळीच्या वजनाला मर्यादा असावी आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेल्या सुट्टीचा खाडा लावू नये. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, त्यासाठी उसाच्या टनामागे रक्कम ठरलेली आहे. त्या पैशातून मोळी वाहणाऱ्या कंबरेच्या वाट्याला काय आले, हे ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा.

आणि तोवर कोणी म्हणाले, 'ये, एका झटक्यात नस मोकळी करतो', तर त्याला तीन प्रश्न करा. तुमची नोंदणी कुठली? माझा पाय तपासला का? काही बिघडले तर जबाबदार कोण? उत्तर मिळाले नाही, तर उठून चालू लागा.